कमान आणि दोर

जम्मूहून काश्मीरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर २०२५ साली दोन पूल खुले झाले. चिनाब नदीपासून ३५९ मीटर उंचीवरील पूल पोलादी कमानीवर उभा आहे. आगगाडीचा भार कमानीला दाबतो आणि कमान तो दाब दोन्ही काठांच्या खडकांत उतरवते. अंजी नदीवरील पूल मात्र ९६ पोलादी दोरांनी एका उंच मनोऱ्याला टांगलेला आहे. दोर ढकलला तर वाकतो, ओढला तर ताठ होतो. म्हणून तो केवळ ताणच सोसतो. मनोऱ्याच्या दोन्ही अंगांचे दोर परस्परांची ओढ तोलून धरतात आणि भार मनोऱ्यातून खाली पायापर्यंत पोहोचतो. कमान दाबावर तगते, दोर ताणावर; परंतु पाया ढळला, तर दोन्ही कोसळतील. म्हणूनच अभियंत्यांनी पूल उभारण्यापूर्वी तेथील डोंगरांची कसून पारख केली.