पावसाळ्यात मूर्ती वाळवताना

मुंबईत जागा गरम करायचं साधन हवं म्हटलं की लोक हसतात. सांताक्रूझला जानेवारी 1962 मध्ये पारा 7.4 अंशांपर्यंत उतरला होता, तेव्हाही डिलाईल रोडच्या चाळींनी गोधडीवरच निभावलं असणार. आमचा तापवायचा मोसम आषाढ-श्रावणाचा. बाहेर मुसळधार, ताडपत्रीखाली ओली मूर्ती आणि आगमनाचे बॅनर कधीच लागलेले. हल्ली मोठ्या मंडळांचं आगमन चतुर्थीच्या दोन-तीन आठवडे आधीच होतं, म्हणजे वाळायचे दिवस तेवढे कमी. परळच्या गणपती कारखान्यात राबून जे कळलं ते लिहितो.

1. शेड तापवायच्या भानगडीत पडू नका. बांबू-ताडपत्रीची पंचवीस-तीस फुटी शेड; गरम हवा वर जाते आणि फटींतून पळते. पैसे आकाशाला. हॅलोजनचं तसं नाही. तो मधली हवा सोडून समोरच्या वस्तूला तापवतो आणि उजेडापेक्षा उष्णताच जास्त देतो. युरोपातल्या उंच छताच्या जुन्या चर्चमध्येही बाकांपाशी ऊब देणारे हीटर लावतात, ते याच हिशेबाने. एलईडीचे दिवे बिल वाचवतात, पण वाळवायच्या कामाचे नाहीत.

2. ऊब एकटी काही करत नाही, तिला वारा लागतो. 27 अंशांना हवेत 90 टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा 32 अंशांवर नेल्यावर आर्द्रता सदुसष्ट-अडुसष्ट टक्क्यांवर येते. म्हणजे तिच्यात आणखी पाणी शोषायला जागा होते. पण ते पाणी घेऊन तिने बाहेर जायला हवं. सगळ्या फटी बुजवून आत हॅलोजन पेटवले, तर तासाभरात ताडपत्रीतून थेंब गळायला लागतात. पावसाच्या बाजूची ताडपत्री घट्ट आवळायची, विरुद्ध बाजूला वर हातभर मोकळं ठेवायचं आणि तिथे एक्झॉस्ट लावायचा. गंमत अशी, की याच परळ भागातल्या गिरण्यांत सूत तुटू नये म्हणून हवेत मुद्दाम ओलावा सोडत. आमची सगळी धडपड त्याच हवेतून ओलावा काढायची.

3. गॅसचा हीटर किंवा बर्नर बंद शेडमध्ये नको. किलोभर एलपीजी जळला की साधारण दीड किलो पाणी वाफ होऊन हवेत येतं. एकोणीस किलोची व्यावसायिक टाकी संपवलीत, तर दोन बादल्यांइतकं पाणी स्वतःच शेडमध्ये ओतलंत. हवा गरम लागते, मूर्ती मात्र ओलीच.

4. कोळशाची शेगडी तर नाहीच. रात्री पोरं शेडमध्येच झोपतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

5. शाडू आणि प्लास्टरला एकच औषध चालत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या सुधारित सूचनांपासून शाडूचा आग्रह वाढला आहे, आणि शाडू घाई सहन करत नाही. वरचा थर आधी सुकून आकसतो, आतला ओलाच राहतो, मग भेग जाते; तीही नेमकी मानेला, मनगटाला, सोंडेच्या वळणाला, जिथे जाड भाग पातळ भागाला मिळतो. सुरुवातीचे दिवस फक्त सावलीतली हवा. पंखा मूर्तीवर रोखायचा नाही, भिंतीकडे तोंड करून ठेवायचा. बोटं आणि कानांच्या कडा आधी सुकतात, म्हणून त्यांवर ओलसर फडकं टाकायचं. हॅलोजन नंतर, पाच-सहा फुटांवरून, आणि तोही दर थोड्या वेळाने बाजू बदलत.

प्लास्टर अर्ध्या तासात आवळतं, पण कालवताना घातलेलं जास्तीचं पाणी आतच राहतं. त्यावर सरळ पंखा चालतो. मूर्ती पोकळ असते, म्हणून पाठीमागचं तोंड शेवटपर्यंत बुजवू नका. आत शंभरचा बल्ब लटकवला तर आतली हवा हलते. बल्ब प्लास्टरमधल्या काथ्याला लागता कामा नये. हीट गन एका जागी धरून बसणाऱ्यांना सांगतो, जिप्समचा दगड दीडशेच्या आसपास अंशांना भाजूनच प्लास्टर बनतं. मूर्ती फार तापवाल तर ती उलट्या वाटेने निघते, बोट लावलं की पीठ.

6. हजार वॉटचे चार हॅलोजन म्हणजे सतरा अँपिअरच्या पुढे. शेजारच्या खोलीतून ओढलेल्या वायरवर हे चालत नाही. बेस्टचा तात्पुरता मीटर घ्या. जोड जमिनीवर नकोत, बांबूला बांधून वर घ्या, कारण खाली पाणी येणारच. आणि स्प्रेगन हातात घेण्याआधी हॅलोजन बंद करून थंड होऊ द्या. थिनरच्या वाफेला ठिणगीही लागत नाही, तापलेली काच पुरते.

7. मंडळाचे अध्यक्ष येऊन विचारतात, ‘‘काका, झाली ना सुकून? रंगाला घेऊ या?’’ त्यांना म्हणायचं, ‘‘दादा, गाल लावून बघा.’’ ओल असेल तर मूर्ती गार लागते, कारण पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. बोटाने वाजवली तर ओली बद्द वाजते, सुकलेली खणखणीत. एवढ्यानेही पटलं नाही, तर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर रंगाचे डबे उघडायचे नाहीत, अध्यक्षांनी कितीही फोन केले तरी. पोट आणि बैठक सगळ्यात शेवटी सुकतात, तुकडा तिथेच लावा. हातावर लावून खूश होणारे पुष्कळ आहेत.