नोटरी केली म्हणजे करार झाला का?

प्रश्न : सावेडीत पाइपलाइन रस्त्यावर गुंतवणूक म्हणून वन बीएचके घेतला आहे. भाडेकरू ओळखीतला आहे. अकरा महिन्यांचाच करार असल्याने स्टँपपेपरवर नोटरी केली तर चालेल ना?

उत्तर : नाही, चालणार नाही. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज आपल्याकडे फार घट्ट बसला आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. ही जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच आधी ग्राह्य धरतात. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

खर्च म्हणाल तर अगदी किरकोळ. भाडे 8,000 आणि अनामत 25,000 धरली, तर मुद्रांक शुल्क सव्वादोनशेच्या आसपास येते. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. काम ऑनलाइन होते.

करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चाच करा. मुदत संपूनही घर सोडले नाही, तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट भरपाई मागता येते.

किल्ली देण्याआधी महावितरणच्या मीटरचा आकडा दोघांसमोर लिहून घ्या. नळ, पंखे, दारांचे फोटो काढा. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. माणूस ओळखीचा आहे म्हणून यातले काहीही टाळू नका. नोंदणीची पावती हातात येईपर्यंत किल्ली देऊ नका.