जवळच्या अर्थाची इंग्रजी क्रियापदे : निवड कशी करावी?



मराठीत 'सांगणे' आणि 'बोलणे' या दोन क्रियापदांवर आपला बराच व्यवहार भागतो. इंग्रजीत मात्र तेवढ्याच कामासाठी 'से', 'टेल', 'स्पीक' आणि 'टॉक' असे चार शब्द पुढे येतात. शब्दकोशात पाहावे, तर चौघांचे अर्थ एकमेकांत मिसळलेले. मग मुले अंदाजाने एखादा शब्द उचलतात. वाक्य चुकते, आणि 'इंग्रजी आपल्याला जमायचे नाही' अशी गाठ मनाशी बसते. अर्ज लिहिताना, मुलाखत देताना हीच गाठ आडवी येते. शिवाजी पेठेतल्या मुलाची अडचण आणि खेड्यातल्या मुलाची अडचण याबाबतीत सारखीच आहे.

आमच्या मते हा पाठांतराचा प्रश्न नाही. क्रियापद निवडण्यापूर्वी चार साधे प्रश्न स्वतःला विचारले, तर बहुतेक वेळा योग्य शब्द सापडतो. हे प्रश्न समजावून घेण्यासाठी दूर जायला नको. आपल्या चळवळीचा इतिहास, संविधान आणि धम्म यांतलीच क्रियापदे घेऊ.

पहिला प्रश्न : वस्तू कोणाकडून कोणाकडे जाते?

'लेंड' म्हणजे उसने देणे आणि 'बॉरो' म्हणजे उसने घेणे. व्यवहार एकच, पण बाजू दोन. बँकेच्या कर्जाच्या कागदपत्रांत कर्जदाराला 'बॉरोअर' म्हणतात आणि कर्ज देणारी बँक 'लेंडर' असते, एवढे लक्षात ठेवले तरी गोंधळ होत नाही. 'लेंड'च्या मागे 'टू' येतो, 'बॉरो'च्या मागे 'फ्रॉम'. १९२० साली बाबासाहेब अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा त्यांनी आपले पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले. येथे बाबासाहेबांच्या बाजूने 'बॉरो', भथेनांच्या बाजूने 'लेंड'. त्याच वर्षी, ३१ जानेवारी १९२० रोजी, 'मूकनायक' सुरू झाले आणि राजर्षी शाहू महाराजांनी त्याला अडीच हजार रुपयांची मदत केली. ती मदत होती, कर्ज नव्हते. म्हणून तेथे 'लेंड' चालणार नाही, 'गिव्ह' किंवा 'डोनेट' म्हणावे लागेल. परत यायचे ते 'लेंड', परत मागायचे नाही ते 'गिव्ह'.

दुसरा प्रश्न : क्रियापदाला समोर माणूस लागतो का?

'टेल'ला ऐकणारा माणूस लगेच जोडून लागतो : 'ही टोल्ड मी'. 'से'ला बोललेले शब्द लागतात. माणूस आणायचा तर 'टू' घालून : 'ही सेड टू मी'. 'ही सेड मी' हे चूक. 'स्पीक' हे भाषेसाठी आणि सभेतल्या भाषणासाठी, तर 'टॉक' हे दोघांतल्या गप्पांसाठी अधिक वापरतात. मराठी 'बोलतो', पण संभाषण 'करतो', हा फरक जसा कानाला कळतो, तसाच हाही वाचनाने कळू लागतो.

आता आपल्या सर्वांच्या तोंडी असलेला संदेश पाहा. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या ब्रीदात 'एज्युकेट', 'ॲजिटेट' आणि 'ऑर्गनाइज' ही तीन क्रियापदे होती. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेतही बाबासाहेबांनी समाजाला हीच तीन क्रियापदे दिली. मराठीत आपण 'शिका' म्हणतो. पण 'शिकणे' याला इंग्रजीत 'लर्न' हा शब्द आहे. 'एज्युकेट' म्हणजे शिक्षण देणे, शहाणे करणे. त्याला कोणीतरी माणूस लागतो. तो वाक्यात लिहिलेला नसला, तरी गृहीत असतो. म्हणजे आपण शिकलो, नोकरीला लागलो, एवढ्याने आज्ञा पुरी होत नाही. दुसऱ्याला शिकवणे बाकी राहते. तसेच 'ॲजिटेट' म्हणजे 'फाइट' नव्हे. त्याचा मूळ अर्थ ढवळणे, हलवणे. झोपलेल्या मनात विचार जागा करणे हेही त्यात येते. इंग्रजी क्रमात ते मध्ये आहे आणि 'ऑर्गनाइज' शेवटी. आधी ज्ञान, मग खळबळ, मग संघटना असा तो क्रम आहे. मराठी घोषणेने आपल्याला बळ दिले, यात शंका नाही. पण मूळ क्रियापद पाहिले की तिचा अर्थ अधिक खोल जातो.

तिसरा प्रश्न : घेणाऱ्याचा हात किती पुढे आहे?

'ॲक्सेप्ट' म्हणजे कोणी देऊ केलेले स्वीकारणे : निमंत्रण, भेट, माफी. 'ॲडॉप्ट' म्हणजे स्वतः निवडून आपलेसे करणे. मूल दत्तक घेण्यालाही हाच शब्द आहे. संविधानाच्या उद्देशिकेत २६ नोव्हेंबर १९४९ या तारखेसोबत 'ॲडॉप्ट' हे क्रियापद आहे, 'ॲक्सेप्ट' नाही. संविधान कोणी आपल्या ओंजळीत टाकलेले नाही, लोकांनी ते आपले केले, असा त्याचा अर्थ. याच्याशी ध्वनीने जवळचा 'ॲडॅप्ट' निराळा. त्याचा अर्थ परिस्थितीप्रमाणे बदलून घेणे. आणि १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेविषयी इंग्रजी पुस्तकांत बहुधा 'एम्ब्रेस' आढळते. त्याचा मूळ अर्थ मिठी मारणे. त्यात निवड आहे आणि जिव्हाळाही आहे.

चौथा प्रश्न : जोर किती, आणि तो बाहेरून की आतून?

'ॲबॉलिश' आणि 'ॲनायहिलेट' या दोहोंचा अर्थ 'नष्ट करणे' असा सांगितला जातो. पण 'ॲबॉलिश' हे कायदा, कर, पद, प्रथा यांना लागते. अधिकाराने रद्द करणे असा त्याचा अर्थ. 'ॲनायहिलेट'च्या पोटात लॅटिनचा 'काहीच नाही' या अर्थाचा शब्द आहे. मागे काही उरू न देणे, असा त्याचा अर्थ. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता 'ॲबॉलिश' केली आणि तिचे आचरण 'फॉरबिड' केले. बाबासाहेबांच्या १९३६ च्या ग्रंथाच्या नावात मात्र जातीसाठी 'ॲनायहिलेशन' आहे. अनुच्छेद अस्पृश्यतेविषयी बोलतो, ग्रंथ जातीविषयी. कायदा प्रथा रद्द करू शकतो, शिक्षा देऊ शकतो. मनातली जात नाहीशी करणे त्याच्या एकट्याच्या हातात नाही. दोन क्रियापदांतल्या या अंतरातच आपले उरलेले काम आहे.

'फॉरबिड' आणि 'प्रोहिबिट' या दोहोंचा अर्थ मनाई करणे. घरातले वडीलही 'फॉरबिड' करतात. 'प्रोहिबिट' बहुधा कायद्याच्या, सरकारी भाषेत आणि सूचनाफलकांवर आढळते. पण दोन्हींत मनाई करणारा दुसरा कोणी असतो. पंचशीलातल्या 'वेरमणी' या पदाचे इंग्रजी मात्र 'ॲब्स्टेन' असे करतात. 'ॲब्स्टेन' म्हणजे स्वतः ठरवून दूर राहणे. शील हा वरून आलेला हुकूम नाही, ते आपण स्वतः घेतो, हे त्या एका क्रियापदात सांगितले आहे.

थोडा सराव

कंसातील योग्य क्रियापद निवडा. उत्तर पाहण्यापूर्वी कारण वहीत लिहा.

१. द बँक ... मनी टू फार्मर्स. (लेंड्स, बॉरोज)
२. शी ... मी हर नेम. (सेड, टोल्ड)
३. ही ... माय इन्व्हिटेशन. (ॲक्सेप्टेड, ॲडॉप्टेड)
४. द गव्हर्नमेंट ... द टॅक्स. (ॲबॉलिश्ड, ॲनायहिलेटेड)
५. वुई ... फ्रॉम लिकर. (फॉरबिड, ॲब्स्टेन)

उत्तरे : लेंड्स, टोल्ड, ॲक्सेप्टेड, ॲबॉलिश्ड, ॲब्स्टेन.

शेवटी एक सूचना. वहीत क्रियापद एकटे लिहू नका. त्याच्यासोबत येणारा 'टू' किंवा 'फ्रॉम', आणि त्याचे एक संपूर्ण वाक्य लिहा. रोज एक जोडी घेतली, तर वर्षात साडेतीनशेहून अधिक जोड्या होतात. आणि ही वही स्वतःपुरती ठेवू नका. वस्तीतल्या एका तरी लहान मुलाला शेजारी बसवून ती शिकवा. 'एज्युकेट' या क्रियापदाला कर्म लागते, हे आपण वर पाहिलेच आहे.

जयभीम!