बोटभर मॉस, डोंगराची राखण

पावसाळा आला की विहिरीच्या कठड्यावर, देवळाच्या जुन्या भिंतीवर, घराच्या कौलांवर हिरवी मखमल उगवते. आपण तिला शेवाळ म्हणतो. पाय घसरेल म्हणून जपून चालतो, आणि पुढे जातो. पण ही मखमल कधी जवळून पाहिलीत का? ती नुसती हिरवी साय नव्हे. तिच्यात शेकडो इवली इवली रोपे दाटीवाटीने उभी असतात. प्रत्येक रोपाला लहानसे खोड असते, पाने असतात.

या रोपांना शास्त्रात मॉस म्हणतात. या पाठात आम्हीही तेच नाव वापरू. कारण शेवाळ या एकाच शब्दात आपण वेगवेगळ्या वस्तू कोंबतो. डबक्यात वाढते ते बुळबुळीत शेवाळ निराळे. मसाल्यात घालतो ते दगडफूल निराळे. आणि मॉस निराळे.

मॉसचा संसार

मॉसला खरी मुळे नसतात. केसासारखे बारीक धागे असतात. त्यांनी ते दगडाला किंवा मातीला धरून बसते. पाणी ते बहुतेक अंगानेच पिते. पाऊस, दव, धुके, जे मिळेल ते पानांनी शोषून घेते.

मॉसला फूल येत नाही, फळ धरत नाही, बी होत नाही. मग वंश कसा वाढतो? अंगावर पाणी असले म्हणजे नराचा अंश त्या पाण्यातून पोहत मादीच्या अंशाला जाऊन मिळतो. त्यानंतर रोपाच्या शेंड्यावर बारीक काडी उभी राहते. काडीच्या टोकाला चिमुकले बोंड असते. बोंडात धुळीसारखे बीजाणू भरलेले असतात. बोंड पिकले की हे बीजाणू वाऱ्यावर उडतात. जिथे ओल मिळेल तिथे रुजतात. कधी कधी रोपाचा मोडका तुकडाही ओलीत पडून नवे रोप होते.

उन्हाळ्यात मॉस वाळून काळपट पडते. आपल्याला वाटते, मेले! पण पुष्कळ जाती मरत नाहीत, नुसत्या निजतात. पाणी पडले की काही मिनिटांत पाने उलगडतात.

झाडे थांबतात, मॉस थांबत नाही

आता आपण हिमालयात जाऊ. उत्तराखंडातल्या गढवाल भागात डोंगर चढत गेलो, तर सुमारे दहा-अकरा हजार फुटांवर जंगल संपते. त्याच्या वर थंडी आणि वारा इतका की मोठे झाड तगत नाही. तिथे मोकळी कुरणे लागतात. तिकडचे लोक त्यांना बुग्याल म्हणतात. आपल्या महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची सुमारे ५,४०० फूट. म्हणजे ही कुरणे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर आहेत.

हिवाळ्यात बुग्याल बर्फाखाली असतात. उन्हाळ्यात बर्फ वितळते, गवत हिरवे होते, आणि मेंढपाळ कळप घेऊन वर चढतात. गवताच्या बुडाशी, दगडावर, झऱ्याकाठी मॉस असते. ते सगळे एका जातीचे नसते. जशी जागा तशी जात.

उघड्या खडकावर ग्रिमिया कुळातले मॉस घट्ट उशीसारखे बसते. त्याच्या पुष्कळ जातींत पानांच्या टोकांना पांढरे केस असतात. दाट उशीमुळे आतली ओल लवकर उडत नाही. झऱ्याकाठी, जिथे पाणी सारखे पाझरते, तिथे फिलोनोटिस नावाचे फिकट हिरवे मॉस वाढते. उघड्या मातीवर पॉलिट्रायकम कुळातले ताठ मॉस असते. ते दिसायला देवदाराच्या रोपासारखे, पण बोटभर उंच. त्याच्या खोडातून पाणी वर चढण्याची थोडी सोयही असते. आणखी एक ब्रायम. त्याची एक जात चांदीसारखी चमकते. ती शहरातल्या फुटपाथाच्या फटीत उगवते, आणि थेट दक्षिण ध्रुवाकडच्या अंटार्क्टिका खंडावरही उगवते.

जगात मॉसच्या सुमारे १२,००० जाती आहेत. आपल्या देशात दीड हजारांहून जास्त. आपल्याकडे सर्वांत जास्त जाती पूर्व हिमालयात सापडतात, कारण तिथे पाऊस आणि ओल भरपूर. लाहोरच्या सरकारी कॉलेजातले प्राध्यापक शिवराम कश्यप (१८८२–१९३४) यांनी मॉसच्या भाऊबंदांचा, म्हणजे लिव्हरवर्ट या वनस्पतींचा, हिमालयात फिरून अभ्यास केला. पायी डोंगर ओलांडून ते तिबेटातही गेले. बोटभर रोपासाठी एवढी पायपीट!

मॉसचा उपयोग काय?

कुणी म्हणेल, गुरे खात नाहीत, चुलीला चालत नाही, मग याचा उपयोग काय? ऐका.

उताराच्या उघड्या मातीवर पावसाचा थेंब आपटला की माती उसळते आणि पाण्याबरोबर वाहून जाते. मातीवर मॉसची गादी असली तर थेंब गादीवर पडतो. पाणी आधी गादीत मुरते, मग हळूहळू खाली झिरपते. स्फॅग्नम नावाचे दलदलीतले मॉस तर आपल्या सुक्या वजनाच्या पंधरा-वीस पट पाणी धरते. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) कापूस कमी पडला, तेव्हा जखमा बांधायला हेच मॉस वाळवून वापरले होते.

मातीला धरून ठेवण्याचे काम गवताची मुळे आणि मॉस मिळून करतात. ही वीण तुटली की घळ पडते. घळ दर पावसाळ्यात रुंदावते. थंड मुलखात मॉस फार सावकाश वाढते. एका दिवसात उखडलेली गादी परत भरायला कैक वर्षे लागतात.

बुग्यालांत हेच घडले. प्रवाशांचे तंबू पडले, पायवाटा खोल गेल्या, चराई वाढली. औषधी कीडाजडी काढायला माणसांची रीघ लागली. शेवटी २०१८ साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने बुग्यालांत रात्रीच्या मुक्कामाला बंदी केली. २०१९-२० च्या सुमारास दयारा बुग्यालात घळी बुजवण्यासाठी काथ्याच्या जाळ्या अंथरल्या आणि चिडाच्या पानांचे भारे रचले. पाहा, जे काम गवत आणि मॉस फुकट करत होते, त्याला आता पैसा आणि मजूर लागले.

आपला सडा

आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावरही सडे आहेत. साताऱ्याजवळचे कास पठार तसलेच. खाली कातळ, वर वीतभर माती, काही ठिकाणी तीही नाही. तिथेही पावसाळ्यात खडकावर मॉस धरते. त्याच्या ओलीत धूळ साठते, आणि तेवढ्या मातीत दुसरे बी रुजते. वणवा लागला की गवताबरोबर ही पातळ गादीही जळते. मग पहिल्या मोठ्या पावसात माती ओढ्याला जाते. गेलेली माती वर परत येत नाही, मंडळी! म्हणून सड्यावर विडी-काडी टाकू नका. चांगले गवत येईल म्हणून माळ पेटवू नका. ठरलेल्या वाटेनेच गुरे न्या.

करून पाहा

भिंतीवरचे वाळलेले मॉस चिमूटभर घ्या. बशीत ठेवून वर चमचाभर पाणी घाला. काय होते ते घरातल्या मुलांनाही दाखवा.

सांगा पाहू

१. मॉस पाणी कसे पिते?
२. बुग्याल म्हणजे काय?
३. खडकावरचे आणि झऱ्याकाठचे मॉस यांत फरक काय?
४. मॉसची गादी उखडली तर मातीचे काय होते?
५. तुमच्या गावच्या माळावर वणवा का लागतो? तो थांबवायला काय करता येईल?