आजीच्या पदराची गाठ

ऐक चिमे,

तू पाठवलेला व्हिडिओ काल रात्री तीनदा पाहिला. पारशिवनीच्या बाजारात आजी वांगी विकून राहिली, गिऱ्हाईक भाव पाडून राहिलं, मागं कुल्फीवाल्याची घंटी. मला तर घरी आल्यासारखंच वाटलं. पण एक गोष्ट मनाला लागली. आजीनं दहाच्या दोन नोटा घेतल्या, कपाळाला लावल्या, पदराची गाठ सोडायला घेतली, आणि नेमका तेव्हाच तू कॅमेरा शेजारच्या बांगड्यांकडे वळवला. कायले गं? बांगड्या रंगीत दिसल्या म्हणून?

रागवत नाही मी. तू दिग्दर्शक व्हायचं म्हणते, म्हणून सांगून राहिली.

सेटवर दिग्दर्शकाला दिवसभर प्रश्नच विचारतात. कॅमेरामन विचारतो, उजेड खिडकीतून टाकू की दारातून? कपड्यांचं पाहणारा विचारतो, साडी नवी की धुऊन विटलेली? प्रत्येकाला आपापलं काम तुझ्यापेक्षा चांगलं येतं. गोष्ट कोणाची आहे आणि या घडीला त्या माणसाच्या मनात काय चाललं आहे, हे मात्र त्यांना तुझ्याकडूनच कळतं.

माझ्या पहिल्या लघुपटात मी इथंच आपटले. शॉट साधा होता: एक बाई दिवसभर राबून घरी येते. ती दमली आहे की चिडली आहे, हे मी ठरवलंच नव्हतं. अकरा वेळा तिला दारातून आत आणलं, दर वेळी वेगळं काहीतरी सांगितलं. शेवटी तिनं हातातली पिशवी खाली ठेवली आणि हळूच विचारलं, “ताई, मला भूक लागली आहे का?” मला उत्तर देता आलं नाही. ऊन उतरलं, शॉट राहिला. त्या रात्री खूप रडले मी. दुसऱ्या दिवशी तिला एवढंच सांगितलं, तू सकाळपासून उपाशी आहेस, आत आल्यावर आधी भाकरीची टोपली उघडून पाहा. पहिल्याच टेकमध्ये झालं. तेव्हापासून मी नटाला ‘दुःखी हो’ असं कधी म्हणत नाही. हाताला काम देते.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये दिग्दर्शनाला जायचं तर आधी पदवी लागते, तेव्हा कॉलेज सोडू नको. पण तोवर हात बांधून बसायचंही कारण नाही. सुमित्रा भावे समाजकार्य शिकवत होत्या. वस्त्यांमधल्या बायांच्या जगण्याचा अभ्यास करता करता त्यांनी १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट केला. चाळिशी उलटली होती, सिनेमाचं शिक्षण नव्हतं. पुढं सुनील सुकथनकर यांच्यासोबत ‘दोघी’, ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’ केले आणि ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळालं. मला त्यांचं मोठेपण पुरस्कारात नाही दिसत. आधी ऐकलं, मग कॅमेरा धरला, त्यात दिसतं.

आणि नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ सिनेमा पुन्हा पाहा. त्यातला पोरगा जब्या घरच्यांसोबत डुकराच्या मागं धावत असतो, तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि तो जागीच थांबतो, घरचेही थांबतात. कोणी काही बोलत नाही. सगळी माणसं स्तब्ध उभी आहेत, आणि पाहणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. त्याच मंजुळेंनी ‘झुंड’ आपल्या नागपुरात केला, बच्चनसाहेबांसमोर अंकुश गेडामसारखी नवखी पोरं उभी केली. अशी पोरं पारशिवनीच्या बसस्टँडवर नाहीत का? घोगरा महादेवाला पेंचच्या खडकांवर बसलेली नाहीत का? तुला तर त्यांची बोली कानातूनच येते. ती मुंबईच्या माणसाला शिकावी लागते.

पुढच्या बाजाराला पुन्हा जा. मोबाइल पिशवीत ठेवून आधी तासभर नुसती बसून राहा. आजी सुटे पैसे कुठे ठेवते, नोटा कुठे, उधारी मागणाऱ्याकडे कशी पाहते, ते वहीत लिही. मग तिला विचार, “आजी, घेऊ का?” ती नाही म्हणाली तर नाही. उजेडासाठी सकाळी लवकर जा, आवाजासाठी जवळ बस, झूम करू नको. आणि काम संपलं असं वाटल्यावरही पाच आकडे मोजून मगच बंद कर. पुष्कळदा माणूस त्या पाच आकड्यांतच खरा दिसतो.

या वेळी गाठ सुटू दे, नोटा आत जाऊ दे, दातात पदर धरून ती गाठ आवळते ना, तेवढं सगळं होऊ दे. त्यात किती पैसे आहेत ते मला दिसलं नाही तरी चालेल.

तुझी,
ताई