मोठ्या डिस्कवरचं लिनक्स छोट्या एसएसडीवर

५०० जीबीच्या हार्डडिस्कवरचं लिनक्स २४० जीबीच्या एसएसडीवर न्यायचं असेल तर 'डीडी'च्या नादी लागू नका. ती अख्खी डिस्क रिकाम्या जागेसकट उतरवते. आत डेटा ६० जीबीच असला तरी एसएसडी भरली की मध्येच थांबते.

त्यापेक्षा लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करा, एसएसडीवर नवी पार्टिशन्स पाडा आणि 'आरसिंक'ने फाइल्स कॉपी करा (रूट होऊनच, नाहीतर परमिशन्सची वाट लागते). मग क्रूट करून ग्रब टाकायचं. इथपर्यंत सगळ्यांना जमतं.

फसतो आपण एफएसटॅबमध्ये. नव्या पार्टिशनचा यूयूआयडी वेगळा असतो. 'बीएलकेआयडी'ने बघून प्रत्येकाचा बदलावा लागतो, स्वॅपचासुद्धा. सांगवीत माझ्या रूम पार्टनरने रूटचा बदलला, होमचा विसरला. जुनी डिस्क डीव्हीडीच्या जागी कॅडीत होती, त्यामुळे मशीन मस्त बूट झालं. आठवडाभर बीई प्रोजेक्टचा कोड जुन्या डिस्कवरच सेव्ह होत राहिला. मग पठ्ठ्याने ती काढून दुसऱ्या मशीनवर फॉरमॅट मारली!

तेव्हा आधी जुनी डिस्क बाहेर काढा, नुसत्या एसएसडीवर मशीन चालवून बघा, आणि जुनी निदान सबमिशनपर्यंत कपाटात राहू द्या.