सील तुटलं, माल परत आला! पैसे द्यायचे की नाही?



व्हिडिओ पाहून झाला असेल तर आता वही-पेन घेऊन बसा. व्हिडिओत वेळेअभावी भराभर सांगितलेले आकडे आणि नियम इथे सावकाश मांडतो. विषय आहे उघडलेल्या बॉक्सचा. ग्राहक स्पीकर, मोबाईल, स्मार्टवॉच घेऊन जातो, घरी सील फोडतो आणि दुसऱ्या दिवशी काउंटरवर ठेवून म्हणतो, "हे नको, पैसे परत द्या." अशा वेळी तुम्ही काय कराल?

आधी माझी एक चूक सांगतो.

मी दुकान चालवत होतो तेव्हा एका आजोबांनी साउंडबार घेतला. दुसऱ्या दिवशी बॉक्स घेऊन परत आले. म्हणाले, "अहो, हा माझ्या टीव्हीला जोडताच येत नाही." टीव्ही जुना होता. त्याला लाल-पांढऱ्या पिनांची जागा होती आणि साउंडबारला एचडीएमआय आणि ऑप्टिकल. मी काही न बोलता मागच्या पाटीकडे बोट दाखवलं : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' आजोबांनी वाद घातला नाही. बिलाची नीट घडी घातली, बॉक्स उचलला आणि गेले. मला वाटलं, जिंकलो.

ते पुन्हा कधी दुकानात आले नाहीत. त्यांच्या बिल्डिंगमधले लोकही हळूहळू यायचे थांबले. आणि खरी गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. साउंडबार विकताना "तुमचा टीव्ही कोणता?" हा एक प्रश्न मी विचारलाच नव्हता. चूक माझी होती, पाटी मात्र त्यांना दाखवली.

आजचा धडा एका वाक्यात : परतीचा निर्णय माल परत आल्यावर घ्यायचा नसतो, तो विक्रीच्या आधीच घेऊन बिलावर लिहायचा असतो.

१. ती पाटी कायद्यात कितपत टिकते?

पुण्यात पाट्यांना तोटा नाही. पण ही पाटी जरा जपून लावा. ग्राहक पंचायतीची सुरुवात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी याच शहरात केली. पुढे २४ डिसेंबर १९८६ रोजी देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला, म्हणूनच तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. आज त्याच्या जागी २०१९ चा कायदा आहे, जो जुलै २०२० पासून लागू झाला.

या कायद्यातल्या 'अनुचित व्यापारी प्रथां'च्या यादीतल्या तीन गोष्टी तुमच्या काउंटरशी थेट संबंधित आहेत :

- विकलेल्या मालाचं बिल न देणं.
- सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत, आणि काहीच लिहिलं नसेल तर ३० दिवसांत.
- जुना, वापरलेला किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं.

दुसरा मुद्दा पुन्हा वाचा. तुम्ही बिलावर मुदत लिहिली नाही तर कायदा तुमच्या वतीने ३० दिवस धरतो. आणि माल सदोष निघाला तर 'परत घेतला जाणार नाही' ही पाटी तुम्हाला वाचवत नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर बरेच नवे दुकानदार घसरतात. परत आलेला पीस पुसायचा, बॉक्सला पुन्हा चिकटपट्टी मारायची आणि पुढच्या ग्राहकाला 'नवा' म्हणून द्यायचा. हे करू नका. तो पीस 'ओपन बॉक्स' म्हणूनच विका, तसं बिलावर लिहा आणि किंमत कमी ठेवा.

२. तीन प्रकारची परत, तीन वेगळी उत्तरं

माल परत आला की सगळ्यांना एकच उत्तर देऊ नका. आधी प्रकार ओळखा.

*पहिला प्रकार : माल सदोष आहे.* चालू होत नाही, एका बाजूचा आवाज येत नाही, चार्जिंग घेत नाही. इथे बॉक्स उघडला की नाही हा मुद्दाच नाही. उघडल्याशिवाय दोष कळणार कसा? काहीही न कापता बदलून द्या किंवा पैसे द्या.

*दुसरा प्रकार : सांगितलं एक, निघालं दुसरं.* "जोडला जाईल हो" म्हणालात आणि जोडला गेला नाही. "वॉटरप्रूफ आहे" म्हणालात आणि बॉक्सवर तसं काहीच नाही. ही चूक दुकानाची आहे. पूर्ण पैसे द्या आणि वहीत नोंद करा, म्हणजे तोच प्रश्न पुढच्या ग्राहकाला आधी विचारला जाईल. माझे आजोबा याच प्रकारात बसत होते.

*तिसरा प्रकार : मन बदललं.* रंग आवडला नाही, मुलाने आधीच दुसरा आणला, ऑनलाइन स्वस्त दिसला. माल चांगला आहे, तुम्ही खोटं काही सांगितलेलं नाही. दुकानात येऊन घेतलेल्या अशा मालाचे पैसे परत द्यायलाच हवेत, असं आपला कायदा म्हणत नाही. इथे तुमचा नियम चालतो, मात्र तो ग्राहकाला पैसे देण्याआधी माहीत असला पाहिजे.

युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न सांगता परत करता येते. पण तिथेही तपासून पाहण्यापलीकडे वापर झाला आणि किंमत उतरली, तर तेवढी रक्कम दुकानदाराला कापता येते. म्हणजे उघडलेल्या मालाचा थोडा भार ग्राहकाने उचलणं यात अन्याय काही नाही. न सांगता कापणं हा अन्याय आहे.

३. आता हिशोब करू

जीएसटी सोपेपणासाठी बाजूला ठेवू. समजा, ब्लूटूथ स्पीकर तुम्ही २,२०० रुपयांना आणला आणि २,५०० ला विकला. नफा ३०० रुपये. तो मन बदलून परत आला. तुम्ही पूर्ण २,५०० दिले आणि तोच पीस ओपन बॉक्स म्हणून २,००० ला विकला. ३०० नफ्याच्या जागी २०० रुपये तोटा.

आता बिलावर नियम असता, की 'सील तोडलेला, दोष नसलेला माल ७ दिवसांत परत, १० टक्के कापून', तर तुम्ही २,२५० परत केले असते. हातात राहिले २५०, ओपन बॉक्सचे आले २,०००. एकूण २,२५०, खरेदी २,२००. पन्नास रुपये उरले. नफा नाही, पण तोटाही नाही. आणि ग्राहक दुकानातून चिडून बाहेर पडला नाही.

हाच हिशोब महिन्यावर करा. २० स्पीकर विकले आणि एकही परत आला नाही, तर नफा ६,०००. काही न कापता एक परत घेतला तर ५,५००, म्हणजे विकलेल्या प्रत्येक पीसमागे २५ रुपये खर्च. तीन परत आले तर ४,५००, म्हणजे पीसमागे ७५ रुपये. एक परत येणं हा धंद्याचा खर्च आहे, तो किमतीत धरून चाला. तीन परत येत असतील तर ग्राहकाला दोष देऊ नका. एकतर माल बदला, नाहीतर विकताना विचारायचे प्रश्न बदला.

४. माल आणतानाच विचारा

तपकीर गल्लीतून किंवा कुठल्याही होलसेलरकडून माल उचलताना आपण भाव पाडण्यातच सगळी ताकद घालवतो. एक प्रश्न तेवढाच महत्त्वाचा आहे : "पीस खराब निघाला तर किती दिवसांत बदलून देता आणि त्यासाठी काय लागतं?"

मोठ्या कंपन्यांच्या मालात 'डीओए' हा शब्द ऐकाल. म्हणजे बॉक्समधून काढल्या काढल्याच बंद निघालेला पीस. बऱ्याच कंपन्यांत सर्व्हिस सेंटरने तसं लेखी दिल्यावरच दुकानदाराला पीस बदलून मिळतो आणि त्याला ठरावीक दिवसांची मुदत असते. मुदत प्रत्येक कंपनीची वेगळी, म्हणून ती डिस्ट्रिब्युटरकडून लेखी घ्या, व्हॉट्सअॅपवर घेतली तरी चालेल. होलसेलर तुम्हाला ७ दिवस देत असेल आणि तुमच्याकडे ग्राहक पंचविसाव्या दिवशी आला, तर मधला भार तुमच्या खिशावर पडतो. कच्च्या चिठ्ठीवर माल आणलात तर तोही मार्ग बंद.

५. काउंटरवर माल आला की

१. *आधी ऐका.* ग्राहकाला बाजूला बसवा, पाणी द्या. बाकीच्या ग्राहकांसमोर वाद नको.

२. *नंबर जुळवा.* बॉक्सवरचा, वस्तूवरचा आणि बिलावरचा सिरीयल नंबर एकच आहे का? मोबाईल असेल तर आयएमईआय. म्हणूनच विकताना नंबर बिलावर लिहायची सवय लावा. दुसराच पीस परत येण्याची भीती या एका सवयीने जवळपास संपते.

३. *त्याच्यासमोर चालवून पाहा.* अनेकदा दोष नसतोच, सेटिंग चुकलेलं असतं. दहा मिनिटं शिकवलंत तर परत आलेला माल पुन्हा घरी जातो.

४. *सगळे भाग मोजा.* चार्जर, केबल, रिमोट, पुस्तिका.

५. *खातं काढायला लावा.* मोबाईल किंवा स्मार्टवॉच असेल तर ग्राहकालाच त्याचं खातं लॉगआउट करून फॅक्टरी रीसेट करायला सांगा. त्याची माहिती सुरक्षित राहते. आणि खातं तसंच राहिलं तर तो पीस लॉक होऊन तुमच्या गळ्यात पडू शकतो.

६. *लेखी द्या.* परत घेतला, बदलून दिला, सर्व्हिसला पाठवला, जे केलं ते तारखेसह चिठ्ठीवर. पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत करा. यूपीआयने आलेले पैसे रोख देऊ नका, नोंद राहत नाही.

जीएसटी नोंदणी असेल तर जुनं बिल फाडून टाकू नका. परतीसाठी क्रेडिट नोट काढा, म्हणजे त्या विक्रीवरचा कर तुमच्या देण्यातून कमी होतो. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक रिटर्न भरेपर्यंत, जे आधी येईल तोपर्यंत ती दाखवावी लागते. काही रक्कम कापून घेतली असेल तर तिची नोंद कशी करायची, हे तुमच्या सीएला एकदा विचारून ठेवा.

६. "जा, कुठे तक्रार करायची ती करा!" असं म्हणू नका

कारण तक्रार करणं आता खूप सोपं आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही आणि तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत आहे. शिवाय ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगातही तो जाऊ शकतो. तुम्ही पुण्यातून कुरिअरने नागपूरला स्पीकर पाठवला असेल, तर २,५०० रुपयांसाठी नागपूरच्या तारखा सांभाळाव्या लागतील.

ई-कॉमर्स साइटवर विकत असाल तर २०२० चे ई-कॉमर्स नियमही लक्षात ठेवा. सदोष, बनावट किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. म्हणून फोटो आणि वर्णन टाकताना हात आखडता ठेवा. जे बॉक्समध्ये आहे तेच लिहा.

७. ही पाटी लावा

जुनी काढा आणि अशी काहीतरी लिहा. बिलावरही हेच छापा :

*"माल सदोष निघाल्यास ३० दिवसांत बदलून किंवा पूर्ण पैसे परत. सील न तोडलेला माल ७ दिवसांत परत. सील तोडलेला पण दोष नसलेला माल ७ दिवसांत, सर्व भागांसह, १० टक्के कापून परत. कानात घालायचे इअरफोन दोष असल्यासच परत. बिल आवश्यक. शंका असेल तर घेण्याआधी विचारा, आम्ही उघडून दाखवतो."*

दिवस आणि टक्के तुमच्या मालाप्रमाणे आणि होलसेलरने दिलेल्या मुदतीप्रमाणे ठरवा. शेवटचं वाक्य मात्र ठेवाच. प्रत्येक वस्तूचा एक डेमो पीस दुकानात चालू ठेवलात, तर सील घरी जाऊन तुटण्याआधीच बऱ्याच शंका मिटतात.

आजचा गृहपाठ

गेल्या तीन महिन्यांत परत आलेला माल आठवा आणि वहीत तीन रकाने करा : सदोष, चुकीचं सांगितलं, मन बदललं. दुकान अजून सुरू केलं नसेल तर तुम्ही स्वतः ग्राहक म्हणून परत केलेल्या किंवा करता न आलेल्या वस्तू लिहा. मधला रकाना सर्वांत मोठा निघाला, तर विकताना विचारायचे पाच प्रश्न आजच ठरवा आणि काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा, म्हणजे ते तुम्हाला रोज दिसतील.

माझ्या यादीत पहिला प्रश्न आजही तोच आहे : "काका, टीव्ही कोणता आहे तुमचा?"

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा सचोटीने करा, बिल पक्कं द्या!